आवाजाची शेपटी

कानात काहीतरी वाजतंय, हे माझ्या दुकानात येऊन कुणी सरळ सांगत नाही. आधी खोकल्याचं औषध मागतात, मग नातवासाठी तापाचं, आणि पिशवी उचलता उचलता म्हणतात की कानात पाणी गेल्यासारखं वाटतंय, त्यावर काही असेल तर द्या. अशा माणसाला मी आधी खुर्चीवर बसवते. वीस वर्षं इथे दक्षिण थायलंडात, चानाच्या बाजारात औषधांचं दुकान चालवतेय. पाणी गेलेला कान कुठला आणि वाजणारा कुठला, हे मला माणूस दारात असतानाच कळतं. पाणी गेलेला माणूस डोकं झटकत येतो. वाजणारा माणूस गप्प उभा राहून लक्ष देऊन ऐकत असतो, आणि तिथे ऐकण्यासारखं काहीच नसतं.

बांग लेह जुलैमध्ये आले तेव्हा असेच उभे होते. 'बांग' आम्ही कुठल्याही थोरल्या माणसाला म्हणतो, पण त्यांना म्हणताना लोक जरा सरळ उभे राहतात. एकसष्ट वर्षांचे, सडपातळ, बोलणं मोजकं. बावीस वर्षं होल्यांच्या, म्हणजे घुमणाऱ्या पाखरांच्या, आवाजाच्या स्पर्धेचे पंच, त्यातली शेवटची नऊ मुख्य पंच. 'चानाचा कान' म्हणतात त्यांना. माझ्या नवऱ्याला, रोमलीला विचाराल तर त्याच्या सख्ख्या भावाचं तो ऐकणार नाही, पण बांग लेहनी पाखरू ऐकून मान हलवली की ते पाखरू त्याच दिवशी विकून टाकेल.

आमच्याकडे होल्याचा आवाज तीन तुकड्यांत ऐकतात. पहिलं तोंड, म्हणजे सुरुवातीचा सूर. तो स्वच्छ हवा. मग ताल, तो सारखा हवा. आणि शेवटी शेपटी, म्हणजे शेवटचा सूर हवेत किती वेळ राहतो ते. मैदानात उंच खांबांच्या रांगा असतात, पिंजरे दोरीने वर चढवतात, पंच खालून फिरतात आणि माना वर करून गुण लिहितात. दोन पाखरं बरोबरीत आली तर निकाल शेपटीवर लागतो.

जूनमध्ये तसंच झालं होतं. आमचा मेकथोंग आणि शेजारच्या थेपा गावच्या पाडुंग मास्तरांचा होला बरोबरीत आले. मेकथोंग म्हणजे सोन्याचा ढग. नाव रोमलीने ठेवलेलं, आणि त्याच्या चौदा होल्यांत हा त्याचा सगळ्यात लाडका. बांग लेह दोन्ही खांबांखाली चार-चार वेळा डोळे मिटून उभे राहिले आणि त्यांनी शेपटीचे पुरे गुण मेकथोंगला दिले. रोमलीने पिंजरा असा छातीशी धरला की आमच्या मुलीलाही जन्मल्यावर त्याने तसं धरलं नव्हतं. चषक घरी आला आणि काचेच्या कपाटात आमच्या लग्नाचा फोटो मागे सारून त्याच्या जागी बसला.

मला आनंद झाला, आणि मला नवलही वाटलं. पाखरं रोमलीची, पण पिंजरे धुते मी. तीन वर्षं मेकथोंग माझ्या कानाशी बोलतोय. तोंड सुरेख, ताल चोख, पण शेपटी तो कापतो. दार आपटावं तशी. "तुझं पाखरू 'येतो' न म्हणताच फोन ठेवतं," असं मी रोमलीला चिडवायची. त्यावर तो म्हणायचा की खांबावर चढला की त्याचा आवाज मोकळा होतो, घरातल्या घरात तुला काय कळणार. चषक आल्यावर मी तो विषयच सोडला. चषक मिळालेल्या नवऱ्याबरोबर संसार करायला सोपं जातं.

तर जुलैमध्ये बांग लेहना मी खुर्चीवर बसवलं, बॅटरी लावून दोन्ही कान पाहिले. मळ नाही, पाणी नाही, सूज नाही. मी तसं सांगितलं.

"शिट्टी आहे गं," ते म्हणाले. "बारीक. थांबत नाही."

कधीपासून, असं मी विचारलं. रमजानच्या आधीपासून, म्हणाले. मी बॅटरी बंद करत होते, माझा हात तिथेच राहिला. रमजान मार्चमध्ये होता आणि चषक जूनमध्ये आला. शिट्टी कुठे वाजते, कशी वाजते, ते मी विचारलं. पाखराचा शेवटचा सूर जिथे असतो साधारण तिथेच, असं ते अगदी सरळपणे म्हणाले. त्यांच्या मनात त्यातून काही निघालं नव्हतं. माझ्या मनात मात्र लगेच निघालं.

मग त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, हे कुणाला कळता कामा नये, मीनाला म्हणजे त्यांच्या बायकोलासुद्धा सगळं सांगितलेलं नाही. दुसरी, जानेवारीत मोठं मैदान आहे, मलेशिया-सिंगापूर-ब्रुनेईहून पाखरं येतात, मुख्य पंच तेच. "तोवर हे बंद झालं पाहिजे. कानाशिवाय माझ्याकडे आहे काय?" असं ते म्हणाले. घरची रबराची झाडं भावाकडे गेलेली, मुलं बँकॉकला. सकाळी चहाच्या दुकानात त्यांची एक ठरलेली खुर्ची आहे, आणि ती खुर्ची त्या कानाची आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

मीही त्यांना दोन गोष्टी सांगू शकले असते. असली शिट्टी बंद करणारी गोळी मला ठाऊक नाही, ही एक. आणि जूनमध्ये तुम्ही जी शेपटी ऐकलीत ती पाखराची नव्हती, ही दुसरी. मी त्यांना बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी ते आले. मग मी त्यांना चक्कर येणाऱ्यांची गोळी दिली, दिवसातून तीनदा जेवणानंतर. त्यांना चक्कर येत नव्हती. पण कानाच्या रोग्यांना ती गोळी डॉक्टरही लिहून देतात आणि काहींना बरं वाटतं, म्हणून मी दिली. महिनाभराने गिंकोच्या पानांचा अर्क असलेल्या गोळ्या दिल्या. त्या खोक्यावर एका जुन्या झाडाचं चित्र असतं आणि लोकांचा झाडावर फार विश्वास असतो. ह्या पानांनी शिट्टीत काही फरक पडत नाही, साखरेच्या गोळीइतकाच गुण येतो, असं मी नीट वाचलेलं होतं. तो कागद गल्ल्याखाली घडी करून ठेवलेला होता. त्याच्यावर हात ठेवून मी पानांची तीन खोकी दिली.

दर खेपेला मी विचारायची, काही फरक? आणि ते म्हणायचे, थोडी कमी वाटते. कमी झालेली नव्हती. माझं मन राखायला ते तसं म्हणायचे. मी त्यांचं राखायला गोळ्या देत होते आणि ते माझं राखायला गुण येतोय म्हणत होते. असं आमचं दोघांचं ऑक्टोबरपर्यंत छान चाललं.

ऑक्टोबरच्या शेवटी ते आले तेव्हा त्यांचा चेहरा गोल झाला होता. गाल भरलेले, डोळे बारीक. मोठ्या आनंदात होते. भूक लागते, झोप लागते, मानेचं दुखणं गेलं, आणि शिट्टीही जाईल असं वाटतंय, म्हणाले. काय खाताय ते दाखवा, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी खिशातून पुडी काढली. मीनाने दोन आठवड्यांपूर्वी बुधवारच्या बाजारातून आणलेली, एका पुडीत चार रंगांच्या पाच गोळ्या, नाव नाही, गाव नाही. अशा पुड्या मी बघितल्या की माझं डोकं फिरतं. मी त्या काउंटरवर पसरल्या आणि एकेक बोटाने सरकवत त्यांना सांगितलं की ही सूज आणणारी, ही हाडं पोखरणारी, ही पोट जाळणारी. आणि ही पांढरी दुखण्याची गोळी, जी भरमसाट घेतली तर चांगला कानसुद्धा वाजायला लागतो.

"म्हणजे मी शिट्टीवर शिट्टी खातोय," ते म्हणाले.

"दोन आठवडे खाताय. आता मीनाला माझ्याकडे पाठवा, तिच्याशी मी बोलते."

मीना आली आणि बोलणी खाऊन गेली. बांग लेहना मात्र मी त्याच आठवड्यात हातयाई शहरातल्या मोठ्या इस्पितळात कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं, सोबत चिठ्ठी लिहून दिली. हे मी जुलैमध्येच करायला हवं होतं. का केलं नाही, हे मी तेव्हा स्वतःलाही विचारत नव्हते.

हातयाईहून ते बसने परत आले ते घरी न जाता थेट दुकानात. हातात एक मोठा कागद होता. त्यांना एका बंद खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं होतं, आवाज आला की बटण दाबायचं. कागदावरची रेघ डावीकडे वर सरळ चालत होती आणि उजवीकडे येता येता खाली घसरत गेली होती. तरुणपणी नऊ वर्षं ते मासेमारीच्या बोटीवर इंजिनाशेजारी झोपायचे. डॉक्टरने ते विचारून घेतलं आणि मान डोलावली. उंच सूर गेलेत, म्हणाली. कान जे ऐकू शकत नाही ते मेंदू आपलं आपण भरून काढतो, ती ही शिट्टी. ऐकण्याचं यंत्र लावलं तर कदाचित मागे पडेल, सवयीने त्रास कमी होईल, झोप येत नसेल तर त्यासाठी एक लहानशी गोळी देता येईल. शिट्टी बंद करण्यासाठी मात्र काही नाही.

"डॉक्टर म्हणाली, ह्याला गोळी नाही," बांग लेह म्हणाले. मग त्यांनी माझ्या मागच्या फळीकडे पाहिलं. झाडाच्या चित्राची खोकी तिथे ओळीने मांडलेली होती. "पण तू तर विकतेस."

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळत नव्हतं, डॉक्टरचं खरं की माझं. टोमणा असता तर मी परतवला असता. बोलण्यात मी कुणाला हार जाणारी नाही. पण असं विचारल्यावर माझा चेहरा तापला आणि मला माझीच शरम वाटली.

"नाही, बांग," मी म्हणाले. "बंद करणारी गोळी नाही. मला ठाऊक होतं."

"मग?"

"तुम्ही मागत होता. नाही म्हणायला जीभ रेटली नाही."

हे अर्धंच खरं होतं. मग त्यांनी मला विचारलं की कायमचं राहू दे, पण जानेवारीतल्या त्या सकाळी चार तासांपुरतं गप्प करणारं काही आहे का. सुई असेल तर सुई. चार तास मिळाले की पुरे, मग कबरीपर्यंत वाजत राहिली तरी तक्रार नाही. मी मान हलवली. चार मिनिटांसाठीही नाही, असं सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. "मग मी जे ऐकतो त्यातलं पाखराचं किती आणि माझं किती, एवढं तरी मला कसं कळायचं?"

ह्याला औषध होतं, आणि ते माझ्या मागच्या अंगणात टांगलेलं होतं. रोमली रबराच्या बाजाराला गेला होता. मी दुकानाचं दार ओढून घेतलं, त्यांना मागे नेलं, मेकथोंगचा पिंजरा खाली उतरवून त्यांच्या पाठीमागे स्टुलावर ठेवला. त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. सांगितलं, पाखरू बोललं की बोट वर करा, शेपटी संपली की खाली घ्या.

मेकथोंगने जरा वेळ घेतला. मग बोलला. तोंड, ताल, आणि नेहमीसारखी झटक्यात कापलेली शेपटी. बांग लेहचं बोट वर होतं. मी मनात एक म्हटलं, दोन म्हटलं, तीन म्हटलं, तेव्हा कुठे बोट खाली आलं. चेहऱ्यावर समाधान होतं. दुसऱ्यांदा तसंच. मला वाटलं, बोलावं लागूच नये, पाखरूच काय ते सांगू दे.

तिसऱ्या वेळी त्यांना राहवलं नाही. इतकी सुरेख शेपटी कशी टाकतो ते बघायला बोट तसंच वर ठेवून त्यांनी मान वळवली. मेकथोंग खाली मान घालून दाणे टिपत होता. चोच दाण्यात आणि बोट वर. ते त्या बोटाकडे बघत राहिले आणि मग सावकाश त्यांनी ते मिटून घेतलं.

मी पाणी आणून दिलं. त्यांनी ते तीन घोटांत, बसून, नीट प्यायलं.

"जूनमध्येही कापत होता?" त्यांनी विचारलं.

"मैदानात मी खांबाखाली नव्हते. घरात तीन वर्षं कापतोय. एकदाही चुकून लांबवली नाही."

"तुला कधी कळलं?"

"जुलैत. तुम्ही रमजान म्हणालात तेव्हा."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. "म्हणजे चार महिने तू मला पानं चारलीस," ते म्हणाले, "बकरीला चारतात तशी." आणि ते हसले. मला हसू आलं नाही. चषक घरात राहावा म्हणून मी गप्प बसले होते, हे मी त्यांना तिथेच सांगून टाकलं, कारण आता अर्धं ठेवून काही उपयोग नव्हता. ते फक्त एवढंच म्हणाले की रोमलीला तू सांगू नकोस, मी सांगतो. चूक माझी, तिचं ओझं तुमच्या घरात नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाच्या दुकानात गेले. स्पर्धेच्या समितीचे चौघे तिथेच रोटी खात बसलेले असतात. बांग लेहनी तो हातयाईचा कागद चहाच्या पेल्यांमध्ये पसरला आणि सांगितलं की जूनचे माझे शेपटीचे गुण खोडा, आणि जानेवारीत माझ्या जागी दुसरा पंच घ्या. समितीवाल्यांनी समजूत काढली. झालं ते झालं, आता कुणाच्या लक्षात आहे, तुमच्यासारखा पंच आणायचा कुठून. त्यांना माणूस दुखवायचा नव्हता. बांग लेह म्हणाले, मी बसतो, तुम्ही लिहा. दुपारच्या नमाजापर्यंत ते बसून राहिले. शेवटी समितीने लिहिलं.

तिथून ते आमच्याकडे आले. रोमली ओसरीवर पिंजऱ्याची दोरी बदलत होता. बांग लेहनी उभ्या उभ्या पाच-सहा वाक्यांत सगळं सांगितलं, माझ्या अंगणातल्या परीक्षेसकट. रोमलीने दोरीची गाठ पुरी मारली. मग आत गेला, कपाट उघडलं, चषक आणून त्यांच्या हातात ठेवला आणि पुन्हा आत गेला. बांग लेह तो चषक मोटारसायकलला बांधून स्वतः थेपाला पाडुंग मास्तरांच्या दारी देऊन आले.

मी जेवायला वाढलं तेव्हा रोमली बोलला. "गिऱ्हाइकाचं गुपित तू चार महिने पोटात ठेवलंस," तो म्हणाला. "नवऱ्याचा चषक एक सकाळही ठेवता आला नाही?"

"तुलाही ऐकू येत होतं, रोमली. तुझे कान चांगले आहेत."

त्याने ताट सरकवलं. खोटं नाही सांगत, मला त्याचं वाईट वाटलं. आयुष्यात एकदा माणसाच्या हाती काहीतरी चकाकतं आलं होतं, आणि ते चकाकणं दुसऱ्याच्या कानातलं होतं असं त्याला घरात येऊन सांगितलं गेलं. त्यानंतर दोन महिने आमच्यात मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं. चहाच्या दुकानात बांग लेह बसतात म्हणून त्याने तिथे जाणं सोडलं. सगळी पाखरं विकून टाकतो, असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो फोनवर कुणाला तरी म्हणायचा. विकलं मात्र एकही नाही.

मी पानांची खोकी फळीवरून काढली नाहीत. लोक मागतात. पण आता कुणी कान धरून आलं तर मी आधी सांगते की ह्याने शिट्टी बंद होत नाही, कान तपासून घ्या, एक कान अचानक बंद झाला असेल तर आजच जा, उद्यावर टाकू नका. बरेच जण ऐकून घेतात आणि तरी खोकं घेऊन जातात. काही जण रागावून दुसऱ्या दुकानात जातात.

जानेवारीत मोठं मैदान भरलं. रोमली पहाटे मेकथोंगला घेऊन मला न सांगता गेला. मी दुकान बंद ठेवलं आणि मागून गेले. खांबांची रांग नजर पोचेल तिथपर्यंत होती, आणि दोरीच्या बाहेर माणसांची गर्दी, मलय, थाई, चिनी, सगळ्यांच्या माना वर. दोरीच्या आत पंचांच्या टोप्या फिरत होत्या.

बांग लेह दोरीच्या बाहेर होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा. डोक्यावर टोपी नव्हती, उजव्या कानामागे ऐकण्याचं लहानसं यंत्र होतं. ते आले तशी लोकांनी जरा जास्तच अदबीने जागा करून दिली आणि मग त्यांच्याशी काय बोलावं ते न कळून सगळे खांबांकडे बघायला लागले. पिंजरे वर चढले. पाखरं बोलायला लागली. बांग लेह मान वर करून उभे होते, डोळे मिटलेले, पण कपाळावर आठी होती. मला ती आठी ओळखू आली. सगळे आवाज एकात एक मिसळत होते, आणि त्यांत त्यांचा स्वतःचाही होता. कुणाला विचारावं, एवढं ते कधी कुणापुढे वाकलेले नव्हते. त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहावं असं मला फार वाटलं. पण एवढ्या गलक्यात कुठला सूर कुठल्या खांबाचा ते ओळखण्याइतका माझा कान तयार नाही, आणि खोटी मदत मी त्यांना पुष्कळ केली होती.

रोमली दहा पावलांवर होता. त्याने त्यांना पाहिलेलं मी पाहिलं. तो दोरीशी चाळा करत राहिला, खाली बघितलं, वर बघितलं, आणि मग गर्दीतून वाट काढत जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला. सलाम नाही, काही नाही. मी दोघांच्या मागे जाऊन थांबले.

"तुझा कुठला खांब?" बांग लेहनी डोळे न उघडता विचारलं. बाजूला कोण आलंय ते त्यांना कसं कळलं कोण जाणे.

"तिसरी रांग, सातवा."

"आज काय करतोय?"

मेकथोंग बोलला, थांबला, पुन्हा बोलला.

"कापतोय, बांग," रोमली म्हणाला. "आजही कापतोय."

बांग लेहनी मान हलवली. "आणि आठवा?"

आठवा खांब पाडुंग मास्तरांचा होता. हे बांग लेहना ठाऊक नव्हतं. रोमलीला ठाऊक होतं, आणि मलाही. त्याने मानेवरून हात फिरवला.

"लांब आहे," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, आणखी हळू, "फार लांब आहे, बांग."

"मला नाही कळत कुठे संपते ते," बांग लेह म्हणाले. "आता बोलला की संपल्यावर सांग."

दोघंही मान वर करून थांबले. आठव्या खांबावरून तोंड आलं, ताल आला, आणि शेवटचा सूर हवेत राहिला. रोमली थांबला, अजून थांबला, आणि म्हणाला, "आता."

मीही तेवढंच ऐकलं होतं.